खुर्ची रिकामी, अपील दाखल

वकिलीत एक युक्ती आहे. ती पुस्तकात सापडत नाही, सिनियरच्या हाताखाली चार वर्षं फायली वाहिल्या की आपोआप कळते. निकाल आपल्या अशिलाविरुद्ध गेलेला असतो, अपिलात फारसा दम नाही हेही दिसत असतं, पण वरच्या कोर्टात साहेबांची जागा रिकामी असते. मग घाईने अपील दाखल करायचं, तात्पुरती स्थगिती पदरात पाडून घ्यायची आणि स्वस्थ बसायचं. चार्जवरचे साहेब तातडीचं तेवढं बघतात. बाकीच्यांना तारीख. जिंकलेला माणूस हुकूमनामा खिशात घेऊन हिंडत राहतो आणि शेत हरलेल्याच्या ताब्यात राहतं.

मी ही युक्ती एकदा केली आहे. समोरचा माणूस बांधालगतच्या दीड एकरासाठी भांडत होता, आणि खरं तर त्याचंच बरोबर होतं. त्याला मी सहा वर्षं ताब्यापासून लांब ठेवलं. अशिलाने पेढे दिले. आता त्या पेढ्यांची आठवणही नको वाटते.

हे सगळं आठवायचं कारण कापूस. गेल्या हंगामात धाकटा भाऊ कापसाची गाडी रिकामी करून परत येताना देवगाव फाट्यावर चहाला थांबला. जिंतूरहून मंठा-जालन्याकडे जाणारा रस्ता आणि सेलूकडे वळणारा रस्ता इथे भेटतात, त्यामुळे सेलू-मानवतच्या बाजाराचा भाव इथे चहाच्या आधी पोचतो. मध्यम धाग्याचा हमीभाव 7,710 रुपये, लांब धाग्याचा 8,110, आणि याच्या हातात क्विंटलला सात हजारांच्या आतले पैसे. तो मला म्हणाला, "दादा, अमेरिकेनं तिकडं पन्नास टक्के लावले, आपल्या सरकारनं इकडं अकरा टक्के काढले. दोन्हीचा मार आपल्यालाच. तुमच्या कायद्यात याची दाद कुठं मागायची?"

मी चाळीस वर्षं वकिली करतो. दाद कुठं मागायची हे सांगण्याचेच पैसे घेतो. तरी त्याला उत्तर देताना माझी जीभ अडखळली.

त्याचं म्हणणं खरं होतं. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी 25 आणि मग आणखी 25 टक्के शुल्क लावलं. आपला कपडा तिकडे महागला. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून आपल्या सरकारने 19 ऑगस्टपासून कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ केलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, नंतर थेट डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे आमची बोंडं फुटायची, वेचणी व्हायची आणि कापूस बाजारात यायचा, नेमका तो काळ.

दाद मागायची जागा कागदावर आहे. जागतिक व्यापार संघटना 1 जानेवारी 1995 ला सुरू झाली. तिच्याबरोबर जिनिव्हात तंटे सोडवणारी एक यंत्रणा आली. खाली तीन जणांचं पॅनेल, वर सात जणांचं अपील मंडळ. देशादेशांच्या भांडणात असं कोर्ट दुर्मीळच. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दोन्ही पक्षांची या ना त्या रूपात आगाऊ संमती लागते. कुलभूषण जाधवांचा खटला तिथे उभा राहू शकला, कारण दूतावास-संपर्काच्या व्हिएन्ना कराराला जोडलेल्या एका ऐच्छिक जोडकरारात भारत आणि पाकिस्तान दोघेही सामील होते. हरीश साळवेंनी एक रुपयात तो लढवला, 17 जुलै 2019 ला निकाल आपल्या बाजूने लागला, आणि सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या. जिनिव्हात अशा वेगळ्या संमतीची गरज नाही. सभासद झालात, की समन्स येताच हजर. अमेरिका असो की बेनिन.

त्याच 2019 च्या डिसेंबरात जिनिव्हाचं अपील मंडळ बंद पडलं. टाळ्या नाहीत, बातमीही धड नाही.

झालं असं, की नवे सदस्य नेमायला सर्व देशांची सहमती लागते आणि अमेरिकेने ती द्यायचंच थांबवलं. मुदत संपेल तशा खुर्च्या रिकाम्या होत गेल्या. तीन उरले. 10 डिसेंबर 2019 ला त्यातल्या दोघांची मुदत संपली. त्या दोघांत एक होते आपले उजलसिंग भाटिया. वर्षभराने शेवटच्या चिनी सदस्या गेल्या. तेव्हापासून मंडळाला कायद्याने अस्तित्व आहे आणि माणूस एकही नाही.

अमेरिकेची तक्रार काय होती हे बघण्यासारखं आहे. मंडळ आपल्या अधिकारकक्षेबाहेर जातं, करारात नाही ते त्यात घालतं, ही मुख्य ओरड. तिच्यातला एक जुना काटा 2011 च्या चीनच्या खटल्याचा. सरकारी मालकीची कंपनी म्हणजे 'सार्वजनिक संस्था' का, हा प्रश्न होता. नुसती मालकी पुरत नाही, त्या कंपनीकडे शासनाची सत्ता हवी, असं मंडळ म्हणालं, आणि हे ठरवताना त्याने संयुक्त राष्ट्रांच्या कायदा आयोगाने तयार केलेले राज्याच्या जबाबदारीचे नियमही बघितले. अमेरिकेला ते सहन झालं नाही. आमच्याकडे कुणी विचारलं असतं की सहकारी साखर कारखाना सरकारी की खाजगी, तर फाट्यावरच्या कुठल्याही माणसाने सांगितलं असतं की ते चेअरमन सध्या कुठल्या पक्षात आहेत यावर आहे.

व्यापाराचं कोर्ट आणि मोठा आंतरराष्ट्रीय कायदा यांचं नातं काय, हा प्रश्न विद्यापीठातल्या लोकांचा वाटतो. पण आमच्या हमीभावाचा जीव त्यातच अडकला आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

आंतरराष्ट्रीय कायदा आमच्या भागाला तसा परका नाही. इथल्या तेव्हाच्या निजाम सरकारने ऑगस्ट 1948 मध्ये थेट सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध तक्रार नेली होती. हैदराबाद हे राष्ट्र आहे की नाही, तक्रार करण्याचा त्याला हक्क आहे की नाही, यावर तिकडे खल सुरू होता, तोवर 17 सप्टेंबरला इकडे शरणागती झाली आणि काही दिवसांत निजामाने तक्रार मागे घेतली. माझे आजोबा म्हणायचे, कोर्टाच्या आधी कब्जा गेला.

जिनिव्हाच्या नियमांतच लिहिलंय की करारांचा अर्थ आंतरराष्ट्रीय कायद्याच्या रूढ नियमांनी लावायचा. अपील मंडळाने 1996 च्या आपल्या पहिल्याच निकालात, पेट्रोलच्या खटल्यात, सांगितलं की व्यापार करार हे आंतरराष्ट्रीय कायद्यापासून तोडून, काचेच्या पेटीत ठेवून वाचायचे नाहीत. अर्थ लावायचे नियम त्याने घेतले 1969 च्या करारविषयक व्हिएन्ना करारातून. गंमत अशी, की भारत त्या कराराचा सभासद नाही, आणि अमेरिकेने सही करूनही तो मंजूर केलेला नाही. तरी दोघांना तो लागू, कारण त्यातले नियम म्हणजे जगाची रूढीच आहे असं धरलं जातं. गावात वहिवाटीचा रस्ता सातबाऱ्यावर नसला तरी बैलगाडी अडवता येत नाही, तसंच.

मग 1998 मध्ये कोळंबीचा खटला आला. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड एका बाजूला, अमेरिका दुसऱ्या. समुद्री कासवं वाचवणारी जाळी न वापरणाऱ्यांची कोळंबी अमेरिका घेणार नव्हती. मंडळाने पर्यावरणाचे आंतरराष्ट्रीय करार उघडले आणि ठरवलं की संपुष्टात येणारी नैसर्गिक संपत्ती म्हणजे फक्त खनिजं नव्हेत, कासवंही. अमेरिका तेव्हा हरली, पण भेदभाव केला म्हणून. कासवाचं कारण मान्य झालं. पुढे तिने पद्धत सुधारली आणि 2001 मध्ये तिचा नियम टिकला.

इथवर वाचलं की वाटतं, दार उघडलं. उघडलं ते फक्त अर्थ लावण्यापुरतं. मेक्सिकोने ते ढकलून पाहिलं. मेक्सिकोची साखर अमेरिका ठरल्याइतकी घेत नव्हती, त्या भांडणासाठी उत्तर अमेरिकेच्या वेगळ्या करारात जे पॅनेल होतं ते अमेरिका बसू देत नव्हती. चिडून मेक्सिकोने मक्याच्या गोड पाकातल्या शीतपेयांवर 20 टक्के कर लावला. जिनिव्हात तो म्हणाला, समोरच्याने दुसरा करार मोडला म्हणून मी हे केलं. 2006 मध्ये मंडळ म्हणालं, दुसऱ्या कराराचे न्यायाधीश आम्ही नाही. दहा वर्षांनी तेच आपल्या वाट्याला आलं. जवाहरलाल नेहरू सौर मोहिमेत देशी सोलर सेलची अट होती. भारताने सांगितलं, हवामान बदलाच्या आंतरराष्ट्रीय करारांनी आमच्यावर जबाबदारी टाकली आहे, ती पाळायला हे केलं. सप्टेंबर 2016 मध्ये मंडळाने ते फेटाळलं. ते करार भारताच्या आत कायदा म्हणून थेट लागू होतात हे तुम्ही दाखवलेलं नाही, असं उत्तर मिळालं.

सहकार न्यायालयात काम केलेल्या माणसाला हे लगेच कळेल. कलम 91 खाली सोसायटीचा तंटा तिथे चालतो. पुराव्याचे नियम, कामकाजाची रीत सगळ्या कोर्टांसारखी. पण त्याच भांडणात जमिनीच्या मालकीचा प्रश्न निघाला की साहेब म्हणतात, हे आमच्या कक्षेत नाही, दिवाणी कोर्टात जा. जिनिव्हाही असंच. मोठ्या आंतरराष्ट्रीय कायद्याचं व्याकरण घेतं, त्यातले हक्क नाही घेत. अन्नाचा हक्क, उपजीविकेचा हक्क, हवामान, हे सगळं दुसऱ्या कोर्टाचं. आणि ते दुसरं कोर्ट दोघांच्या संमतीशिवाय उघडत नाही.

आता उसाकडे. पाथरी-मानवतच्या बाजूला जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर माझ्या चुलतभावाचा ऊस आहे. त्याला एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला भाव, ठाऊक आहे, 14 दिवसांत पैसे द्यायचे हा नियमही ठाऊक आहे, आणि तो नियम किती पाळला जातो हे तर फारच चांगलं ठाऊक आहे. त्याला हे ठाऊक नव्हतं की त्याच्या एफआरपीवर 2019 मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी दावा लावला. भारताचं म्हणणं साधं होतं. एफआरपी कारखाना देतो, सरकारच्या तिजोरीतून दमडी जात नाही, मग ही सरकारी मदत कशी? पॅनेलने 14 डिसेंबर 2021 ला सांगितलं की पैसे कोण देतं हा मुद्दाच नाही. सरकारने भाव ठरवला की ती किमतीची मदत झाली. 2014-15 ते 2018-19 या पाचही हंगामांत ती दहा टक्क्यांच्या मर्यादेबाहेर गेली, साखरेच्या निर्यातीला दिलेलं अनुदानही नियमाबाहेरचं.

भारताने अपील केलं. कुठे? जिथे एकही माणूस बसत नाही तिथे. अपील प्रलंबित असेपर्यंत पॅनेलचा निकाल स्वीकारला जात नाही आणि स्वीकारला न गेलेला निकाल कुणालाही बांधत नाही. माझ्या पेढ्यांचीच गोष्ट, फक्त दीड एकराच्या जागी एका देशाचा ऊस.

चुलतभाऊ म्हणाला, "मग चांगलंच झालं की!" त्याच्या जागी मीही तेच म्हणालो असतो.

पण ही दहा टक्क्यांची मर्यादा कशी ठरली ते ऐका. व्यापार संघटना जिच्यातून जन्मली त्या वाटाघाटींच्या उरुग्वे फेरीत शेतीच्या मदतीचा हिशेब 1986 ते 88 या वर्षांच्या किमतींवर बांधला गेला. त्या काळी डॉलर 13 रुपयांच्या आसपास होता. आजचा हमीभाव त्या गोठलेल्या परदेशी किमतीशी ताडून बघतात आणि फरकाला सरकारी मदत म्हणतात. शिवाय भारताने तेव्हा प्रामाणिकपणे सांगितलं, की आमच्या शेतकऱ्याला मिळणारी मदत उणे आहे. म्हणजे सरकार त्याला देत नाही, त्याच्याकडून काढून घेतं. शरद जोशी हे ओरडून सांगत होते. 1984 च्या शेतकरी संघटनेच्या परभणी अधिवेशनात मी विद्यार्थी म्हणून मागच्या रांगेत बसलो होतो. उणे अनुदान हा शब्द तेव्हा कळला नव्हता, त्याचा अर्थ मात्र घरी रोज दिसत होता. या प्रामाणिकपणाचं बक्षीस काय मिळालं? ज्यांनी आधी भरमसाट अनुदान दिलं होतं त्यांना ते थोडं कमी करून पुढे चालू ठेवायची मुभा मिळाली. अमेरिकेची अशी मर्यादा वर्षाला 19.1 अब्ज डॉलर आहे. भारताच्या वाट्याला आले पिकाच्या किमतीचे दहा टक्के. अमेरिकेने याच हिशेबाने मे 2018 मध्ये आपल्या गहू-तांदळावर आणि नोव्हेंबर 2018 मध्ये आपल्या कापसाच्या हमीभावावर बोट ठेवलं. त्यात प्रत्यक्ष सरकारी खरेदी किती झाली हे धरलंच नाही, हमीभावाला पात्र म्हणून सगळा कापूस मोजला. भावाने फाट्यावर सात हजारांच्या आत विकलेला कापूससुद्धा या हिशेबात सरकारी मदत खाल्लेला ठरतो.

आणि कापसाच्या बाबतीत जिनिव्हात जिंकताही येतं, हेही जगाने पाहिलंय. ब्राझीलने 2002 मध्ये अमेरिकेच्या कापूस अनुदानांवर दावा लावला. 2005 मध्ये अपील मंडळाने ब्राझीलच्या बाजूने निकाल दिला. अमेरिकेने वर्षानुवर्षं टाळाटाळ केली. शेवटी प्रति-शुल्काची आणि अमेरिकी पेटंटं थांबवायची परवानगी ब्राझीलच्या हातात पडली, तेव्हा 2010 मध्ये अमेरिका नमली. तिने काय केलं? अनुदान बंद केलं नाही. ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या निधीला वर्षाला 147.3 दशलक्ष डॉलर द्यायला लागली. 2014 मध्ये 30 कोटी डॉलरवर कायमची तडजोड झाली. त्या खटल्यात भारत तिसरा पक्ष म्हणून बसला होता. बेनिन आणि चाडसुद्धा. पडलेल्या भावाची भरपाई ना सेलूच्या शेतकऱ्याला मिळाली, ना चाडच्या. मोठ्या आंतरराष्ट्रीय कायद्यात चूक करणाऱ्याने झालेलं नुकसान भरून द्यायचं असतं. जिनिव्हात ती सोय नाही. तिथे फक्त पुढे चूक करू नका, आणि केलीत तर समोरच्याला तेवढंच शुल्क लावू द्या. ज्याच्याकडे शुल्क लावण्याएवढा बाजार आहे त्यालाच हा न्याय उपयोगी पडतो. ब्राझीलकडे होता. भारताकडेही आहे. बेनिनकडे नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की भारताने रिकाम्या खुर्चीपुढे अपील ठेवणं बंद करावं. एप्रिल 2020 मध्ये युरोपीय संघ, चीन, कॅनडा, ब्राझील अशा सभासदांनी आपापसात लवादाची तात्पुरती अपील व्यवस्था उभी केली. पाकिस्तानसुद्धा तिच्यात आहे. आपल्या उसावर दावा लावणारे ब्राझील, ऑस्ट्रेलिया, ग्वाटेमाला, तिघेही तिच्यात आहेत. भारत नाही. भारताचं अधिकृत म्हणणं मूळचंच अपील मंडळ परत यावं असं आहे. ते मलाही पटतं. पण मूळचे साहेब येईपर्यंत चार्जवरच्या साहेबांकडेही जायचं नाही, हा कुठला हट्ट?

यात धोका आहे, आणि चुलतभावापासून तो लपवण्यात अर्थ नाही. तिथे एफआरपीचा खटला आपण पुन्हा हरू शकतो. पण लढायला तिथे मुद्दे आहेत. 1969 च्या व्हिएन्ना करारातलाच नियम आहे की अर्थ लावताना दोन्ही पक्षांना लागू असलेला इतर आंतरराष्ट्रीय कायदाही बघायचा. अन्नाचा आणि उपजीविकेचा हक्क सांगणारा आर्थिक व सामाजिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने 1979 मध्ये स्वीकारला. ब्राझील, ऑस्ट्रेलिया, ग्वाटेमाला तिघेही त्याला बांधलेले आहेत. जनुकीय पिकांच्या 2006 च्या खटल्यात पॅनेलने हा नियम फार आखडून वाचला, हे मान्य. पण आखडून वाचलेला नियम सैल करून घ्यायलाच तर अपील असतं. आणि 1986 सालची किंमत 2026 मध्ये वापरणं कितपत सद्भावनेचं, हाही प्रश्न त्याच व्हिएन्ना कराराच्या आधारे विचारता येतो. हे सगळं मांडायला समोर ऐकणारं माणूस लागतं.

अमेरिका त्या व्यवस्थेत नाही, म्हणजे भावाने सांगितलेल्या पन्नास टक्क्यांचं तिथे काही झालं नसतं, हेही खरं. अमेरिकेशी आपण 2023 मध्ये सात जुने खटले बसून मिटवले, त्यात बदाम, अक्रोड, सफरचंद, मसूर आणि हरभऱ्यावरचं जादा शुल्क आपण काढलं. लोकअदालतीत मिटवण्याला माझा विरोध नाही, पण समोरचा बलदंड असेल आणि मागे कोर्ट उघडं नसेल, तर तडजोडीचे आकडे कोण लिहितो हे प्रत्येक वकिलाला माहीत असतं. ब्राझीलवरही अमेरिकेने असंच शुल्क लावलं, आणि ब्राझीलने ऑगस्ट 2025 मध्ये जिनिव्हात रीतसर तक्रार नोंदवली. उद्या अपिलाची खुर्ची भरली तर त्यांचा नंबर लागलेला असेल.

निवडणूक असो नसो, आमच्याकडचे लोकप्रतिनिधी जालन्याहून येताना फाट्यावर हारासाठी थांबतात. पुढच्या वेळी थांबतील तेव्हा रस्त्याचा आणि पीकविम्याचा प्रश्न विचाराच. पण त्यांना एवढंही विचारा, की आपल्या उसाचं अपील नेमकं कुणापुढे चालू आहे, आणि लवादाच्या त्या व्यवस्थेत भारत का नाही, हा प्रश्न संसदेत तारांकित करून तुम्ही कधी टाकणार? त्यांचं उत्तर लेखी मागा.